अधिसेविकेची गादी

सवाई माधवराव पेशवे २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं निवर्तले, तेव्हां गादीचा वारस ठरलेला नव्हता. यशोदाबाईंस चिमाजी आप्पा दत्तक देणें, नाना फडणीसांनीं पुणें सोडणें, शिंद्यांची मनधरणी, आणि अखेर डिसेंबर १७९६ मध्यें दुसऱ्या बाजीरावांस वस्त्रें मिळणें, हा सर्व प्रकार या त्रैमासिकाच्या वाचकांस पाठ आहे. वर्षाहून अधिक काळ राज्याचा कारभार ज्या प्रश्नापाशीं अडून राहिला तो प्रश्न साधा होता. जागा रिकामी झाली. आतां तींत कोणीं बसावें?

राजकारणांतील गादीविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही एका निराळ्याच गादीचा विचार करणार आहों. रुग्णालयांतील परिचारिकांची जी प्रमुख, जिला लोक मेट्रन म्हणतात व सरकारी कागदांत अधिसेविका म्हणतात, तिची ही गादी होय. हा विषय इतिहासाचा नव्हे असा आक्षेप कोणी घेतील. पण ज्या पदावर एका वेळीं शेंकडो रुग्णांचें जगणेंमरणें अवलंबून असतें, त्या पदाचा वारसा कसा चालला हें पाहणें, एखाद्या देशमुखी वतनाचा महजर छापण्याहून कमी महत्त्वाचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

या विषयाकडे आमचें लक्ष वळलें त्याचें कारण घरगुती आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या सहधर्मचारिणीचें मांडीचें हाड मोडलें, व तिला एका मोठ्या रुग्णालयांत पांच आठवडे राहावें लागलें. त्या रुग्णालयाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्ही तेथें असतांनाच महिन्याच्या अखेरच्या दिवशीं तेथील अधिसेविका सेवानिवृत्त झाल्या. हार, नारळ, शाल, दोन भाषणें असा समारंभ झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोठींतून चादरी निघेनात, कारण मागणीपत्रावर सही कोणाची घ्यावी हें कोणास सांगतां येईना. रात्रपाळीची यादी लागली नाहीं. एका कक्षांत तीन परिचारिका आल्या आणि शेजारच्या कक्षांत रात्रीं नऊपर्यंत एकहि नव्हती. दुःख थांबविण्याचें जें औषध आमच्या रुग्णास रात्रीं दहा वाजतां मिळावयाचें, तें पहांटे मिळालें. विचारलें तेव्हां उत्तर आलें, "मॅडम काल रिटायर झाल्या, ऑर्डर अजून आली नाहीं." आम्ही पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलें, चादरींचा विचार करण्याचा प्रसंग त्यापूर्वीं कधीं आला नव्हता.

प्राचीन शास्त्रांत या पदाचा शोध घेऊं गेल्यास निराशाच होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठिकाणीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं ममता व शुचिता हे चार गुण असावेत असें तेथें म्हटलें आहे. चारहि गुण आजच्या कोणत्याहि परिचारिकेस लागू पडतील इतके नेमके आहेत. परंतु चरकानें परिचारक कल्पिला तो एका रोग्याच्या उशाशीं बसलेला. पन्नास परिचारकांवर देखरेख कोणीं करावी, आणि ती करणारा गेल्यावर दुसरा कोठून आणावा, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहण्याचें कारण नव्हतें. हा प्रश्न मोठ्या रुग्णालयाबरोबर जन्मास आला.

पदांच्या नांवांविषयीं येथेंच एक शब्द लिहून ठेवितों. महाराष्ट्र शासनाच्या परिभाषेंत कक्षांत काम करणारी ती अधिपरिचारिका, तिच्यावर कक्षाची प्रमुख ती परिसेविका, तिच्यावर सहाय्यक अधिसेविका, आणि सर्वांवर अधिसेविका. 'अधि' हा उपसर्ग आधिपत्य दाखवितो हें शाळकरी मुलासहि माहीत असतें. मग तो पहिल्या पायरीस लागावा, दुसरीस सुटावा आणि वरच्या पायरीस पुन्हां लागावा, ही रचना ज्यानें केली त्याचें व्याकरण कच्चें होतें असें म्हणावें लागतें. असो. काम करणाऱ्या स्त्रिया आपसांत सिस्टर आणि मेट्रन हेच शब्द वापरितात.

व्याकरणाची दुसरी एक गोष्ट मात्र आमच्या विषयास उपयोगाची आहे. पाणिनीय परंपरेंत वंश दोन प्रकारचा मानतात, एक जन्मानें चालणारा व दुसरा विद्येनें चालणारा. सोलापुरांतील पद्मशाली विणकरांच्या घरीं बापाच्या मागावर मुलगा बसतो. मूल रांगूं लागल्यापासून धोट्याचा आवाज ऐकत असतें, त्यामुळें वारस तयार करण्याची निराळी योजना तेथें लागत नाहीं. हा जन्मवंश. अधिसेविकेची गादी जन्मानें चालत नाहीं. ती विद्यावंशाची आहे, आणि विद्यावंशाचा नियम असा कीं, गुरु विद्यमान असतांनाच शिष्य तयार व्हावा लागतो. जन्मवंशांत वारस नसल्यास दत्तक तरी घेतां येतो. विद्यावंशांत मृताच्या मांडीवर कोणास बसवितां येत नाहीं.

आतां इतिहासाकडे वळूं. सोलापुरांतील डफरीन चौक सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्या बाईच्या नांवाचा हा चौक व त्याच नांवाचें स्त्रियांचें रुग्णालय, त्या व्हाइसरॉय लॉर्ड डफरीन यांच्या पत्नी होत. त्यांनीं १८८५ मध्यें जो निधि उभारला त्याचे उद्देश तीन होते: स्त्रियांस वैद्यकीय शिक्षण, स्त्रियांस वैद्यकीय मदत, आणि शिकलेल्या परिचारिका व सुइणी यांचा पुरवठा. पुढच्याच वर्षीं, १८८६ मध्यें, मुंबईस पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगींतून स्त्रियांचें कामा हॉस्पिटल सुरू झालें. १८९१ मध्यें मुंबईस काशीबाई गणपत या बाई परिचर्या शिकावयास आल्या; हिंदी परिचारिकांच्या इतिहासांत पहिल्या विद्यार्थिनी म्हणून त्यांचें नांव घेतात. ज्या काळांत परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणें हीच कुलीन स्त्रीस बट्टा लावणारी गोष्ट होती, त्या काळांत या बाईंनीं काय काय ऐकून घेतलें असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं.

मात्र या सर्व काळांत देखरेखीची जागा हिंदी स्त्रीकडे नव्हती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत इंग्लंडांतील ऑल सेंट्स या धार्मिक मंडळाच्या भगिनी परिचर्येची व्यवस्था पाहत. मिशनच्या इस्पितळांत मिशनच्या बाया पाहत. जागा रिकामी झाली कीं पत्र विलायतेस किंवा अमेरिकेस जाई, आणि नवी बाई आगबोटीनें येई. वारसा इस्पितळाबाहेर, समुद्रापलीकडे, ठरत असे. या पद्धतीस नांवें ठेवण्यापूर्वीं एक गोष्ट मान्य केली पाहिजे: तिकडे पाठविण्याजोग्या बाया तयार होत्या, आणि त्या आपोआप तयार झाल्या नव्हत्या.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें १८६० मध्यें लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत परिचर्येची शाळा काढली. (या बाईंचा पुणें सार्वजनिक सभेशीं पत्रव्यवहार होता, हें येथील वाचकांस ऐकून बरें वाटेल.) क्रिमियाच्या युद्धांतील तिचा दिवा सर्वांच्या लक्षांत राहिला, तिच्या शाळेंतील जी गोष्ट आमच्या विषयास महत्त्वाची, ती फारशी कोणी सांगत नाहीं. त्या शाळेंत कांहीं विद्यार्थिनी आरंभापासूनच देखरेखीच्या जागांसाठीं निवडून निराळ्या तयार केल्या जात, आणि मग दुसऱ्या इस्पितळांत मुख्य म्हणून पाठविल्या जात. सेंट थॉमसच्या मेट्रन मिसेस वॉर्डरोपर तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर १८८७ मध्यें निवृत्त झाल्या, त्यांच्या जागीं अँजेलिक प्रिंगल आल्या. या प्रिंगलबाई त्याच शाळेंत शिकून एडिंबरोच्या मोठ्या इस्पितळांत मुख्य परिचारिकेचें काम करून आलेल्या. म्हणजे मुख्य गादीवर बसण्यापूर्वीं दुसऱ्या गादीवर त्यांची परीक्षा होऊन गेली होती. दोनच वर्षांनीं त्यांनीं पंथांतर केलें व पद सोडलें. इतकी योग्य वारस इतक्या लवकर गेली असतांहि शाळा बंद पडली नाहीं. कारण उघड आहे. त्यांच्याबरोबरीच्या आणखीहि कोणी होत्या.

आपल्या देशांत या पद्धतीचें बीज पडलें, पण तें वरच्या थरांत पडलें. १९०५ मध्यें लखनौ येथें परिचर्येच्या अधीक्षकांची एक संस्था निघाली. ती काढणाऱ्या नऊ बाया होत्या व नऊहि युरोपियन होत्या. तीन वर्षांनीं, १९०८ मध्यें, त्यांतूनच सर्व शिक्षित परिचारिकांची संस्था उभी राहिली. हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. आधीं मेट्रनांचा संघ झाला, मग परिचारिकांचा.

खालून वर येणारी वाट महाराष्ट्रांत बांधली ती सेवासदनानें. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यास १९०९ मध्यें ही संस्था काढली, आणि तिच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत परिचर्या शिकूं लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. सोवळें सांभाळणाऱ्या घरांतून निघून ससूनच्या कक्षांत उभें राहणें, आणि संध्याकाळीं परत येऊन सेवासदनाच्या वसतिगृहांत जेवणें, हा प्रवास अंतरानें थोडा पण इतर सर्व दृष्टींनीं फार लांबचा होता. सेवासदनाची शाखा पुढें सोलापुरांतहि निघाली. १९२४ मध्यें रमाबाई वारल्या. संस्था चालत राहिली. ज्या संस्थेनें इतरांस परिचर्येचा मार्ग दाखविला तिनें स्वतःच्या गादीचा प्रश्नहि नीट सोडविला होता, कारण देवधर व त्यांचे सहकारी आरंभापासून कामांत होते.

आमच्या जिल्ह्यांतील रोग्यांची दुसरी वाट मिरजेची. डॉ. वानलेस यांचें तेथील रुग्णालय १८९४ चें. १९२७ मध्यें बार्शी लाइट रेल्वे पंढरपुराहून मिरजेपर्यंत पोंचली, तेव्हां त्या लहान गाडीनें कुर्डुवाडीपासूनचे रोगी मिरजेस जाणें सोपें झालें. वानलेस १९२८ मध्यें निवृत्त झाले, पण डॉ. व्हेल अगोदरपासून त्यांच्या हाताखालीं तयार झालेले असल्यामुळें रोग्यांचा ओघ थांबला नाहीं.

तरीसुद्धां हिंदी परिचारिका गादीपर्यंत पोंचण्यास फार वर्षें लागलीं. १९३५ मध्यें मुंबई इलाख्यांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४३ मध्यें दिल्लीस परिचर्येच्या व्यवस्थापनाचें शिक्षण देणारी शाळा निघाली. १९४६ मध्यें तिचें महाविद्यालय झालें. त्याच वर्षीं भोर समितीचा अहवाल बाहेर आला, त्यांत सबंध देशांत नोंदलेल्या परिचारिका सुमारें ७,००० म्हणजे ४३,००० माणसांमागें एक, असा हिशेब दिलेला आहे. १९४७ च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि १९४८ मध्यें टी. के. अद्रनवाला या बाई भारत सरकारच्या परिचर्येच्या सल्लागार झाल्या. लखनौच्या नऊ युरोपियन बायांपासून येथपर्यंत ४३ वर्षें गेलीं. हिंदी स्त्रियांच्या अंगीं पात्रता नव्हती म्हणून हा काळ गेला, असें म्हणणारे पुष्कळ होते. आमच्या मतें कारण निराळें आहे. दुय्यम जागेवर बसवून मुख्य जागेचें काम हातीं देणें, ही गोष्टच १९४३ पर्यंत कोणीं पद्धतशीर केली नाहीं. पोहणें येत नाहीं म्हणून पाण्यांत उतरूं द्यावयाचें नाहीं, आणि पाण्यांत उतरली नाहीं म्हणून पोहणें येत नाहीं, असा तो न्याय होता.

याच काळांत सोलापूरच्या एका माणसानें परदेशांत वारशाचा एक धडा घालून दिला, तो सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापुरांत १० ऑक्टोबर १९१० रोजीं झाला. बहुतेकांस ते व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटावरून ठाऊक आहेत, आणि चित्रपटांत शाळेस स्थान मिळत नसतें. १९३८ मध्यें काँग्रेसनें चीनला पाठविलेल्या पांच डॉक्टरांत ते होते. तेथें नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शस्त्रवैद्य १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं वारले. शस्त्रक्रिया करितांना बोटास झालेली जखम चिघळली एवढें निमित्त झालें. त्यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्यें कोटणीसांची नेमणूक झाली. त्यांच्या पत्नी क्वो चिंगलान याच ठिकाणच्या बेथ्यून वैद्यक शाळेंत परिचर्या शिकवीत असत. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं गेले. तीन वर्षांत दोन मुख्य माणसें गेलीं, भोंवतीं युद्ध चालूं होतें, औषधें मिळत नव्हतीं. रुग्णालय मात्र राहिलें. आज तें शीच्याच्वांग शहरांत आहे. रुग्णालयाला शाळा जोडलेली होती, आणि त्या शाळेंत शस्त्रवैद्याइतकेंच परिचारिकेसहि शिकविलें जात होतें, हें त्याचें कारण आहे असें आम्हांस वाटतें. क्वो चिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या.

आतां आपल्याकडील सध्यांची पद्धति पाहूं. राज्य सरकारच्या सेवेंत अधिसेविका नियत वयोमानानुसार ५८ व्या वर्षीं निवृत्त होते. तिची जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. म्हणजे ती जागा कोणत्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीं रिकामी होणार, हें ती नोकरीस लागते त्याच दिवशीं गणितानें ठरलेलें असतें. पेशव्यांच्या मृत्यूची तिथि कोणास ठाऊक नव्हती. अधिसेविकेच्या निवृत्तीची तिथि तीस वर्षें आधीं ठाऊक असते. असें असून ज्येष्ठता यादी, तिच्यावरील हरकती, पदोन्नतीची समिति, मग आदेश, अशा क्रमानें कागद फिरत राहतो, आणि तोंवर कोणीतरी एक 'प्रभारी' असते. प्रभारी या शब्दाचा अर्थ भार वाहणारी. तिला अधिकार असतो कीं नाहीं हें शब्दांत सांगितलेलें नाहीं, व्यवहारांतहि बहुधा नसतो.

ज्येष्ठतेच्या नियमाची आम्ही निंदा करीत नाहीं. त्यानें वशिला थांबतो, आणि वीस वर्षें रात्रपाळी केलेल्या बाईस न्याय मिळतो. पण तो नियम कोण बसणार एवढेंच सांगतो. बसणारीला तें काम कोणीं शिकवावें हें सांगत नाहीं. परिसेविका आपला एक कक्ष उत्तम जाणते. अधिसेविकेचें काम त्याच कामाचा मोठा आकार नव्हे. शेंकडो परिचारिकांच्या पाळ्या व रजा, कोठी, धुलाई, जुन्या वस्तूंचें निर्लेखन, विद्यार्थिनींचें वसतिगृह, डॉक्टरांच्या तक्रारी, नातेवाइकांचा संताप, हें सर्व तिला एका दिवसांत हातीं घ्यावें लागतें. सोलापुरास १९६३ मध्यें वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि अशा महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयांत हें काम किती पटींनीं वाढतें तें २०२० सालच्या साथींत सर्वांनीं पाहिलें.

कार्यभार सोंपवितांना जी यादी होते ती आम्हीं एकदां पाहिली. जडवस्तुसंग्रह नोंदवही, किल्ल्यांचे जुडगे, कपाटें, खुर्च्या, शिक्के. पेशवे दफ्तरांतील सरंजामाच्या याद्यांची आठवण झाली. तेथेंहि घोडे, तोफा, तंबू मोजलेले असतात. नाना फडणीस १८०० मध्यें वारले तेव्हां दफ्तर जागच्या जागीं होतें, एकहि रुमाल हरवला नव्हता. कोणाचें पत्र कोणत्या वेळीं अनुत्तरित ठेवावें हें जाणणारा माणूस तेवढा उरला नव्हता.

विद्यावंश चालतो तो कसा, याचें एक उदाहरण मुंबईचें आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग नोव्हेंबर १९७३ पासून १८ मे २०१५ रोजीं मृत्यु येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनीं केली. ७ मार्च २०११ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें या शुश्रूषेचा गौरव केला. इतक्या वर्षांत त्या रुग्णालयांत किती अधिसेविका बदलल्या असतील याचा हिशेब वाचकांनींच करावा. ज्यांनीं अरुणाबाईंस बोलतां चालतां पाहिलें होतें त्या सर्व निवृत्त होऊन गेल्या, तरी काम थांबलें नाहीं. शिकावयास येणाऱ्या नव्या मुलींस आरंभींच त्या खोलींत नेऊन ओळख करून देत असत. जी मुलगी पहिल्या वर्षीं तेथें उभी राहिली, तिला पुढें पंचवीस वर्षांनीं तें काम कोणीं सोंपवावें लागलें नाहीं.

आमच्या घरगुती हकीकतीचा शेवट राहिला. निवृत्तीनंतर तिसऱ्या दिवशीं त्या मावळत्या अधिसेविका साध्या सुती पातळांत रुग्णालयांत आल्या व व्हरांड्यांतील नातेवाइकांच्या बाकावर बसल्या. कार्यालयांत जाण्याचा त्यांना अधिकार उरला नव्हता आणि त्या गेल्याहि नाहींत. सहाय्यक अधिसेविका मधून मधून बाहेर येई, विचारी, आंत जाई. असे अकरा दिवस चाललें. चौथ्या दिवशीं त्यांनीं पिशवींतून एक दोनशें पानी वही काढून तिच्या हातीं दिली. शेजारींच बसलेले असल्यामुळें आम्हांस ती पाहावयास मिळाली, आणि जुन्या कागदांची संवय असल्यामुळें आम्हीं ती लक्षपूर्वक वाचली. अक्षर बारीक, निळी शाई, मधून मधून लाल खुणा. आषाढीच्या आधीं पंधरा दिवस रजा मंजूर करूं नये, पंढरपुरास पथक पाठवावें लागतें. पावसाळ्यांत चादरी धुवून येण्यास दोन दिवस अधिक लागतात, तेव्हां मागणी दोन दिवस आधीं. अंगावर पिणारें मूल घरीं असलेल्या बाईस सलग रात्रपाळी नको. जळालेल्या रोग्यांच्या कक्षांत नवी मुलगी पहिल्या आठवड्यांत एकटी ठेवूं नये. नातेवाइकांस मृत्यूची वार्ता उभ्यानें सांगूं नये. त्यांस बसवावें, पाणी द्यावें, मग सांगावें.

कार्यालयांत प्रती काढण्याचें यंत्र होतें. तरी सहाय्यक अधिसेविका रोज दुपारीं ती वही दुसऱ्या वहींत स्वतःच्या हातानें उतरून घेत बसे. आम्हीं कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "यंत्रानें कागद तयार होतो, गुरुजी. मला पाठ व्हायला पाहिजे." प्रभारी म्हणून तिचा आदेश बाराव्या दिवशीं आला. आमच्या सहधर्मचारिणीस घरीं जाण्याची परवानगी मिळाली, त्या दिवशीं ती एक्क्याण्णवाव्या पानावर होती.